हुर्यो कशाची, टाळ्या कुणाला?

पूल हा बिलियर्ड्सच्या घराण्यातला खेळ शांततेत खेळला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र युरोप आणि अमेरिका यांच्यातील मोस्कोनी चषकाच्या सभागृहात ढोल, गाणी, घोषणा आणि प्रतिस्पर्ध्याची हुर्यो यांचे साम्राज्य असते. या गोंगाटामुळेच खेळाला प्रेक्षक आणि पैसा मिळाला, हे खरे. परंतु पाठिंबा कुठे संपतो आणि हुल्लडबाजी कुठे सुरू होते, हा प्रश्न त्यामुळेच उभा राहिला आहे.

मोस्कोनी चषकाची सुरुवात १९९४ मध्ये इंग्लंडमधील रॉमफर्ड येथे झाली. पहिल्या स्पर्धेत अमेरिकेने युरोपवर १६-१२ असा विजय मिळविला. प्रारंभी ब्रिटनमधील स्नूकरचे नामवंत खेळाडू युरोपच्या संघात असत. स्टीव्ह डेव्हिस, जिमी व्हाइट, अ‍ॅलेक्स हिगिन्स ही त्यातील काही नावे. पुढे युरोपात पूलचे स्वतंत्र खेळाडू घडले आणि स्पर्धा खऱ्या अर्थाने तुल्यबळ झाली. दोन्ही संघांत प्रत्येकी पाच खेळाडू असतात. सामने नाईन बॉल प्रकाराचे असून कधी एकेरी, कधी दुहेरी, तर कधी संपूर्ण संघ टेबलाभोवती उतरतो. अलीकडच्या वर्षांत पाच डाव प्रथम जिंकणाऱ्याला एक गुण आणि ११ गुण प्रथम मिळविणाऱ्याला चषक, असे स्वरूप रूढ झाले आहे.

नाव सभ्यतेचे

ज्यांच्या नावाने हा चषक दिला जातो ते विली मोस्कोनी हे फिलाडेल्फियाचे. १९४१ ते १९५७ या काळात त्यांनी स्ट्रेट पूलचे जगज्जेतेपद १५ वेळा पटकाविले. १९५४ मध्ये ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे एका प्रदर्शनीय सामन्यात त्यांनी एकही चूक न करता सलग ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घातले. पूल म्हणजे धुराने भरलेल्या अड्ड्यावरचा जुगार, ही प्रतिमा पुसून टाकण्यासाठी ते आयुष्यभर झटले. नीटनेटका सूट, मोजके बोलणे आणि टेबलाजवळ शिस्त हा त्यांचा बाणा होता.

मोस्कोनी यांना बडबडीचा किती तिटकारा होता, हे १९७८ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीने साऱ्या देशाला दाखविले. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात त्यांची गाठ ‘मिनेसोटा फॅट्स’ या नावाने वावरणाऱ्या रुडॉल्फ वाँडरोन यांच्याशी पडली. फॅट्स यांची जीभ त्यांच्या क्यूपेक्षा अधिक चाले. प्रतिस्पर्धी फटका मारत असताना विनोद करणे, प्रेक्षकांना हसवणे, मध्येच शेरे मारणे, हे सारे त्यांच्या खेळाचाच भाग होते. मोस्कोनी चिडले, पण सामना त्यांनीच जिंकला. १९९३ मध्ये मोस्कोनी यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. आज पूलमधील सर्वात गोंगाटाची स्पर्धा या मितभाषी माणसाच्या नावाने ओळखली जाते, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल.

गोंगाट हाच माल

हा गोंगाट आपोआप निर्माण झालेला नाही. स्पर्धेची आयोजक मॅचरूम ही बॅरी हर्न यांनी उभारलेली कंपनी. मुष्टियुद्ध, स्नूकर आणि डार्ट्स या खेळांना दूरचित्रवाणीवर लोकप्रिय करण्यात तिचा मोठा वाटा आहे. पूलमध्ये प्रेक्षकाला खिळवून ठेवायचे तर त्याला एक बाजू द्यावी लागेल, हे या मंडळींनी ओळखले. त्यामुळे खेळाडू संगीताच्या तालावर प्रवेश करतात, निवेदक प्रेक्षकांना चेतवतो आणि संघातील सहकारी बाकावरून आरोळ्या ठोकतात. सामन्यांसाठी निवडलेल्या जागाही बोलक्या आहेत. लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील यॉर्क हॉल हे मुष्टियुद्धाचे प्रसिद्ध सभागृह, तर अलेक्झांड्रा पॅलेस हे जागतिक डार्ट्स स्पर्धेचे ठिकाण. तिथे येणारा प्रेक्षक गाणी म्हणायला आणि ओरडायलाच आलेला असतो.

यामागचे अर्थकारण दुर्लक्षिण्याजोगे नाही. गोल्फ किंवा टेनिसच्या तुलनेत पूलमध्ये पैसा फारच कमी. कसलेल्या खेळाडूलाही प्रवास आणि निवासाचा खर्च भागविण्यासाठी धडपडावे लागते. अशा खेळात सभागृह भरविणारी आणि दूरचित्रवाणीला हवीहवीशी वाटणारी स्पर्धा म्हणजे साऱ्यांच्याच पोटापाण्याचा आधार. म्हणूनच ‘प्रेक्षकांना गप्प बसवा’ असे सांगणे सोपे असले, तरी तो उपाय खेळाच्या मुळावर येऊ शकतो.

क्यू हातात असताना

मग आक्षेप कशाला? ते समजण्यासाठी नाईन बॉलची रचना ध्यानात घ्यावी लागते. टेबलावर एक ते नऊ क्रमांकांचे चेंडू असतात. प्रत्येक फटक्यात पांढरा चेंडू सर्वात लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी लागला पाहिजे. नऊ क्रमांकाचा चेंडू नियमानुसार पॉकेटमध्ये घालणारा डाव जिंकतो. फाऊल झाल्यास प्रतिस्पर्धी पांढरा चेंडू हातात घेऊन टेबलावर हवा तिथे ठेवू शकतो. म्हणजे एका चुकीची किंमत बहुधा संपूर्ण डाव ठरते. पाच डावांच्या छोट्या सामन्यात अशा दोन चुका झाल्या की गुण गेलाच म्हणून समजावे.

क्रिकेटमध्ये फलंदाजाकडे चेंडू वेगाने येतो आणि तो प्रतिक्षिप्त क्रियेने खेळतो. पूलमध्ये चेंडू स्थिर असतो आणि हालचाल सर्वस्वी खेळाडूची असते. वाकून, हनुवटी क्यूजवळ आणून, श्वास रोखून तो फटका मारतो. मनगट किंचित थरथरले तरी चेंडू पॉकेटच्या कडेला आदळून परत येतो. सतत चालणाऱ्या आवाजाची सवय होते. पण पूर्ण शांततेत, नेमक्या फटक्याच्या क्षणी उठलेली एकच आरोळी घात करते. प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम विचलित करण्याच्या प्रकाराला पूलच्या बोलीत ‘शार्किंग’ म्हणतात. खेळाडूने ते केले तर तो दोषी ठरतो. तेच काम गर्दीतील अनामिकाने केले तर दोष कुणाचा?

त्यात भर पडते घड्याळाची. मोस्कोनी चषकात फटका मारण्यासाठी ३० सेकंद मिळतात. खेळाडू वाकला, कुणी ओरडले, तो पुन्हा उभा राहिला, शांतता झाली आणि तो पुन्हा वाकला, एवढ्यात बरीच सेकंदे निघून जातात. गोंगाट अशा रीतीने एकाग्रतेबरोबर वेळही चोरतो.

नियमांची मर्यादा

पूलच्या जागतिक नियमावलीत खिलाडूवृत्तीला सोडून केलेल्या वर्तनाची तरतूद आहे. प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणे त्यात मोडते आणि पंच ताकीद देण्यापासून सामना बहाल करण्यापर्यंत कारवाई करू शकतात. बाहेरच्या हस्तक्षेपाचा फटक्यावर परिणाम झाला, तर चेंडू पूर्वीच्या जागी ठेवून फटका पुन्हा घेण्याचीही सोय आहे. उदाहरणार्थ, प्रेक्षकाचा धक्का लागून क्यू हलली तर पंचांना निर्णय देणे सोपे जाते. पण आरोळीने हललेले मन पूर्वीच्या जागी ठेवता येत नाही. एखादा फटका आवाजामुळे चुकला की कौशल्य कमी पडल्यामुळे, याचा निवाडा कोणता पंच करणार? त्यामुळे नियम खेळाडूंना बांधतात, प्रेक्षक मात्र बऱ्याच अंशी मोकळे राहतात.

या कोंडीत खेळाडूचा तोल सुटला की काय होते, याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेचे अर्ल स्ट्रिकलँड. १९९०, १९९१ आणि २००२ असे तीन वेळा जगज्जेते ठरलेले आणि अमेरिकी खुली स्पर्धा पाच वेळा जिंकलेले हे असामान्य खेळाडू. मात्र ब्रिटिश प्रेक्षकांशी त्यांचे कधी जमले नाही. २००३ मध्ये कार्डिफ येथील जागतिक स्पर्धेत स्टीव्ह डेव्हिसविरुद्धच्या लढतीत त्यांनी प्रेक्षकांशी उघड वाद घातला. तो सामना त्यांनी जिंकला, पण खेळापेक्षा भांडणाचीच चर्चा अधिक झाली. प्रेक्षकांनाही जणू एक खेळणे सापडले. ज्याला डिवचल्यावर तो उसळतो, त्याला पुन:पुन्हा डिवचण्याचा मोह गर्दीला आवरत नाही.

डार्ट्समध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसली. १ जानेवारी २०२३ रोजी अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये जागतिक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत वेल्सचे गर्विन प्राइस प्रेक्षकांच्या शिट्ट्यांना कंटाळून कानांवर आवाजरोधक लावून खेळले. जर्मनीच्या गॅब्रिएल क्लेमेन्स यांनी त्यांना ५-१ असे हरविले. कान झाकले तरी मन झाकता येत नाही, हाच त्याचा अर्थ.

गोंगाट सामने जिंकून देतो काय?

यजमान प्रेक्षकांचा आवाजच निकाल ठरवितो, असे मानणाऱ्यांना इतिहास मात्र साथ देत नाही. २०१० ते २०१७ अशी सलग आठ वर्षे युरोपने मोस्कोनी चषक जिंकला. त्यातील चार विजय लास वेगासमध्ये, म्हणजे अमेरिकी प्रेक्षकांसमोर मिळाले. ही मालिका अमेरिकेने खंडित केली ती २०१८ मध्ये, तीही लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये, ११-९ अशा फरकाने. विशेष म्हणजे त्या वेळी अमेरिकी संघाची सूत्रे योहान राउसिंक या डच प्रशिक्षकाकडे होती आणि त्यापूर्वी त्यांनी युरोपच्या संघाचेच यशस्वी नेतृत्व केले होते. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ ही विभागणी किती तकलादू असते, हे यावरून दिसावे. २०२० मध्ये साथीमुळे कॉव्हेंट्री येथे प्रेक्षकांविना स्पर्धा झाली, तेव्हाही युरोप ११-३ असा जिंकला.

आशियातही हाच अनुभव आहे. फिलिपिन्समध्ये पूल हा घराघरांतला खेळ. एफ्रेन रेयेस यांच्यासारखा जादूगार त्या देशाने दिला आणि त्यांच्याच नावाने २०२४ पासून आशिया विरुद्ध उर्वरित जग असा रेयेस चषक सुरू झाला. मनिला येथील पहिल्या स्पर्धेत आशियाने ११-६ असा विजय मिळविला. पण त्याच महानगरात २००७ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या डॅरिल पीच यांनी स्थानिक रॉबर्टो गोमेझ यांना १७-१५ असे हरविले होते. सारे सभागृह विरोधात असतानाही एका पाहुण्याला जगज्जेता होता आले.

म्हणजे हुर्यो उडवून चषक हमखास मिळत नाही. मग तिने साधते काय? एखाद्या डावाचा निकाल संशयास्पद होतो, विजेत्याच्या यशाला गालबोट लागते आणि पराभूताला न्याय मिळाल्याची खात्री राहत नाही. खेळाचे खरे नुकसान इथे होते.

रेषा कुठे आखावी?

सांघिक स्पर्धेतील उत्साहाला मर्यादा कशी घालावी, हा प्रश्न केवळ पूलचा नाही. गोल्फच्या रायडर चषकात १९९९ मध्ये ब्रुकलाइन येथे जस्टिन लेनर्ड यांचा लांबचा पट यशस्वी होताच अमेरिकी खेळाडू आणि त्यांचे सहकारी हिरवळीवर धावले. स्पेनच्या होजे मारिया ओलाथाबल यांचा पट तेव्हा बाकी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळील बेथपेज येथे युरोपच्या रोरी मॅकिलरॉय यांना प्रेक्षकांकडून सतत शिवीगाळ सहन करावी लागली. पहिल्या घटनेत खेळाडू चुकले, दुसऱ्या घटनेत प्रेक्षक. दोन्ही वेळा प्रतिस्पर्ध्याची पाळी सुरू असताना त्याला द्यावयाची जागा हिरावली गेली.

यातूनच एक साधी रेषा दिसते. आपल्या खेळाडूच्या यशावर जल्लोष करणे हा पाठिंबा. प्रतिस्पर्ध्याने क्यू टेबलावर टेकविल्यावर ओरडणे ही हुल्लडबाजी. प्रतिस्पर्ध्याची चूक झाल्यावर टाळ्या वाजविणे या दोहोंच्या मध्ये येते. संघाला संधी मिळाल्याचा आनंद स्वाभाविक आहे, पण चुकलेल्याला उद्देशून केलेली हुर्यो स्वाभाविक नाही. खेळाडू वाकेपर्यंत हवा तेवढा आवाज आणि वाकल्यावर शांतता, ही पद्धत पाळली गेल्यास उत्साह आणि न्याय एकत्र नांदू शकतात.

ती पाळण्याची जबाबदारी सर्वप्रथम आयोजकांची आहे. जो निवेदक प्रेक्षकांना चेतवितो, त्याच्याच आवाजाने त्यांना शांतही करता येते. व्यत्यय आल्यास घड्याळ थांबविणे आणि वारंवार खोड्या काढणाऱ्याला बाहेर काढणे अवघड नाही. दुसरी जबाबदारी यजमान संघाची. पंचांनी दहा वेळा सांगून जे होत नाही, ते लाडक्या खेळाडूने हात वर करून एकदा खुणावले की होते. टेनिसच्या डेव्हिस चषकात पक्षपाती प्रेक्षकांच्या वर्तनाबद्दल यजमान संघाला दंड करण्याची तरतूद आहे. अशी तरतूद असली म्हणजे कर्णधारालाही आपल्या पाठीराख्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

आपल्याला हे परके नाही

भारतीय वाचकाला या साऱ्याचे नवल वाटू नये. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईच्या चेपॉक मैदानावर पाकिस्तानने भारताला १२ धावांनी हरविले, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून विजेत्यांना मानवंदना दिली. अवघ्या काही आठवड्यांनी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर सचिन तेंडुलकर धावबाद होताच गोंधळ उसळला आणि अखेरच्या दिवशी जवळजवळ रिकाम्या मैदानात सामना संपवावा लागला. देश तोच, प्रतिस्पर्धी तोच, खेळही तोच. २००६ मध्ये तर मुंबईच्या वानखेडे मैदानावर खुद्द तेंडुलकरलाच हुर्यो ऐकावी लागली होती.

बिलियर्ड्सच्या टेबलाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली आणि वैयक्तिक खेळात जगज्जेता होणारे ते पहिले भारतीय ठरले. त्या परंपरेत प्रेक्षक श्वास रोखून पाहत आणि फटका साधला की टाळ्या वाजवीत. पूलच्या नव्या रंगमंचावर तेवढी शांतता परत येणार नाही आणि यावी अशी अपेक्षाही नाही. मात्र खेळाडू टेबलावर वाकल्यानंतरची काही सेकंदे त्याचीच असली पाहिजेत, मग तो आपला असो वा परका. एवढे भान राखले तर तिकिटेही विकली जातील, गाणीही होतील आणि विजेत्याच्या हातातील चषकावर कुणाला संशय घेता येणार नाही.