ध्रुवीकरण : प्रकाशाची दिशा, साखरेचा पोल आणि समाजाची दोन टोके

प्रकाशलहरीतले कंपन लहर ज्या दिशेने जाते तिच्याशी काटकोनात होते. ताणलेला दोर एका टोकाला हलवला की लाट पुढे सरकते, पण दोर जागच्या जागी वरखाली किंवा डावीउजवीकडे हलतो. प्रकाशातल्या विद्युत क्षेत्राचेही तसेच. सूर्याच्या किंवा साध्या दिव्याच्या प्रकाशात ही कंपने काटकोनातल्या सगळ्या दिशांना सारखीच चालू असतात. त्यांतली एकच दिशा उरली की प्रकाश ध्रुवित झाला असे म्हणतात. माणसाच्या डोळ्याला हा फरक जवळजवळ कळतच नाही, त्यामुळे तो उलगडायला फार काळ गेला.

पहिली खूण १६६९ मध्ये मिळाली. आइसलँडहून आणलेल्या कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिले असता एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे डेन्मार्कच्या एरास्मस बार्थोलिन यांनी नोंदवले. पुढे १८०८ मध्ये पॅरिसच्या एतिएन-लुई मालुस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारे मावळतीचे ऊन अशाच स्फटिकातून पाहिले. स्फटिक फिरवावा तशी एक प्रतिमा मंद होई आणि दुसरी उजळे. म्हणजे नुसत्या काचेवरून परतणारा प्रकाशही ध्रुवित होत होता. मालुस प्रकाशाला कणांचा प्रवाह मानत. या कणांना चुंबकासारखे ध्रुव असावेत, या त्यांच्या कल्पनेतून ध्रुवीकरण किंवा ध्रुवण हे नाव आले. १८२१ च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी प्रकाश हा अवतरंग, म्हणजे काटकोनात कंप पावणारी लहर, असल्याचे दाखवले आणि ध्रुवांची कल्पना मागे पडली. नाव मात्र टिकले.

परावर्तनाने होणारे ध्रुवण एका ठरावीक कोनात पूर्ण होते. लंबापासून मोजल्यास पाण्यासाठी हा कोन सुमारे ५३ अंश, तर काचेसाठी सुमारे ५६ अंश. पोलरॉइड गॉगलमुळे रस्त्यावरची आणि पाण्यावरची चमक कमी होते ती याच कारणाने. परतलेल्या प्रकाशातली कंपने बहुतांशी आडवी असतात आणि गॉगल नेमकी तीच अडवतो. या गुणधर्माचा फार सुंदर उपयोग चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सप्टेंबर १९२१ मध्ये केला. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या ‘नारकुंडा’ बोटीवरून त्यांनी एकाच दिशेची कंपने जाऊ देणाऱ्या निकोल प्रिझममधून समुद्र पाहिला. पृष्ठभागावरचे परावर्तन प्रिझमने बाजूला काढले, तरी निळाई गेली नाही, उलट अधिक गडद दिसली. समुद्राचा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे तोवरचे मत त्यामुळे कोलमडले. पाणी स्वतःच प्रकाशाचे विकिरण करते, असे सांगणारे त्यांचे टिपण मुंबई बंदरातून ‘नेचर’कडे गेले.

काही पदार्थ ध्रुवित प्रकाशाचे प्रतलच फिरवतात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये तागाच्या पीळ दिलेल्या जुड्यांतून सूक्ष्मलहरी सोडल्या. पीळ ज्या बाजूचा, त्यानुसार कंपनाचे प्रतल डावीकडे किंवा उजवीकडे वळले. साखरेच्या रेणूतही रचनेची अशीच एक बाजू ठरलेली असते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज जो ‘पोल’ काढतात, तो या वळण्याचेच मोजमाप आहे. २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिलिलिटर केले आणि ते २०० मिलिमीटर लांबीच्या नळीत भरले, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचे प्रतल सुमारे ३४.६ अंश उजवीकडे वळते. साखरेच्या मोजपट्टीवर हेच १००. उसाचा रस आधी निवळून आणि गाळून घ्यावा लागतो, कारण गढूळ रसातून प्रकाश नीट पार होत नाही. तोडलेला ऊस दोन-चार दिवस उन्हात पडून राहिला, तर त्यातल्या साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. ग्लुकोज उजवीकडे वळवतो, फ्रुक्टोज त्याहून जोराने डावीकडे. त्यामुळे पोल उतरतो. महाराष्ट्रात उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, साखर उताऱ्याशी जोडलेला आहे. चिपाडातून आणि मळीतून किती साखर वाया गेली, हेही पोलवरूनच ठरते. ध्रुवणाचा इतका थेट आर्थिक उपयोग क्वचितच कुठे असेल.

विद्युतशास्त्रात ध्रुवीकरण हा शब्द वेगळ्याच क्रियेसाठी येतो. वीज वाहू न देणारा पदार्थ विद्युत क्षेत्रात ठेवला की त्यातले धन आणि ऋण प्रभार किंचित विरुद्ध बाजूंना सरकतात. संधारित्रात अशा पदार्थाचा थर घातला की त्याची प्रभार साठवण्याची क्षमता वाढते, ती यामुळेच. मज्जापेशीच्या पटलाची आतली बाजू विश्रांतीच्या वेळी बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते, म्हणून पटल ध्रुवित म्हटले जाते. संदेश धावतो तेव्हा हा फरक क्षणभर मोडतो.

सामाजिक ध्रुवीकरणाला प्रकाशाची उपमा मुळीच लागू पडत नाही. ध्रुवित प्रकाशात विरोधी टोके नसतात, कंपनाची दिशा तेवढी एक होते. समाजात मात्र मधली माणसे कमी होऊन दोन गट घट्ट होतात. विषमतेपेक्षा ही गोष्ट निराळी आहे, हे जोन एस्तेबान आणि देबराज राय या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये गणिती मोजमापातून मांडले. समजा, सहा कुटुंबांची मासिक कमाई १०, २०, ३०, ४०, ५० आणि ६० हजार रुपये आहे. खालच्या तिघांची प्रत्येकी २० हजार आणि वरच्या तिघांची प्रत्येकी ५० हजार झाली, तर विषमतेचा आकडा खाली येतो. तरीही समाज दोन तुकड्यांत उभा राहतो. गटाच्या आत जितकी आपलेपणाची भावना आणि दुसऱ्या गटाबद्दल जितका परकेपणा, तितके ध्रुवीकरण जास्त, अशी त्यांची मांडणी आहे.

राजकारणाचे अभ्यासक यातही दोन प्रकार करतात. धोरणांवरची मते एकमेकांपासून लांब जाणे हा एक. दुसऱ्यात मते फारशी बदललेली नसतानाही समोरच्या पक्षाच्या माणसांविषयीची नावड वाढते. अमेरिकेतल्या निवडणूक सर्वेक्षणांत मतदारांना पक्षांविषयीची आपुलकी शून्य ते १०० या पट्टीवर सांगायला सांगतात. १९८० नंतरच्या दशकांत स्वतःच्या पक्षाविषयीचा आकडा फारसा हलला नाही, प्रतिपक्षाविषयीचा मात्र उतरत गेला.