तो लाल क्रॉस तुमचा नाही!

जालना शहर असो की अंबड, परतूर, भोकरदन. दवाखाना, मेडिकल, रुग्णवाहिका म्हटली की पाटीवर लाल क्रॉस आलाच. प्रत्यक्षात हे चिन्ह वैद्यकीय व्यवसायाचं नाही. 1864 च्या जिनिव्हा करारानं ते युद्धातल्या जखमींच्या शुश्रूषेसाठी राखून ठेवलं. आपल्याकडे 1960 च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार ते परवानगीशिवाय वापरणं गुन्हा आहे. दंड 500 रुपयांपर्यंत! एवढ्यात धड फ्लेक्सही होत नाही, मग धाक कुणाला वाटणार?

1920 साली स्थापन झालेल्या इंडियन रेडक्रॉस सोसायटीलाही मोकळीक नाही. शांततेच्या काळात चिन्ह लहान हवं, सोबत संस्थेचं नाव हवं. दंडावरच्या पट्टीवर किंवा इमारतीच्या छपरावर ते रंगवायचं नाही. ती जागा युद्धकाळातल्या संरक्षणचिन्हाची. पार्श्वभूमी पांढरीच, क्रॉसवर अक्षर किंवा नक्षी नको. रक्तदान शिबिराच्या फ्लेक्सवर मात्र जागा भरावी म्हणून क्रॉस ताणला जातो, उभा दांडा आडव्याच्या दीडपट होतो, मध्ये रक्ताचा थेंबही येतो. संस्थेकडून मूळ फाइल घ्या आणि छपाईआधी प्रूफ नीट तपासा. शिबीर रेडक्रॉसचं नसेल, तर क्रॉस काढायलाच सांगा.