मेंदूतील रक्तवाहिन्यांवरचा साका आणि त्याचा माग काढणारे किरणोत्सारी रेणू

मेंदूतील रक्तस्रावाने आमच्याकडे दाखल होणाऱ्या वृद्ध रुग्णांचे नातेवाईक बहुधा एक प्रश्न आवर्जून विचारतात : रक्तदाब इतकी वर्षे ताब्यात होता, पथ्यपाणी नीट होते, मग हे घडले कसे? काही रुग्णांच्या बाबतीत याचे उत्तर रक्तदाबात नसून रक्तवाहिनीच्या भिंतीत असते. या विकारासाठी ‘पेट स्कॅन’ करता येतो काय, आणि तसे यंत्र रुग्णालयाने घ्यावे काय, अशी विचारणा काही देणगीदारांकडूनही झाली आहे. म्हणून या विषयावर येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

उतारवयात मेंदूमध्ये बीटा-अमिलॉइड नावाचे प्रथिन साचू शकते. पेशींच्या मधल्या जागेत त्याच्या गाठी झाल्या, की अल्झायमर या विस्मृतीच्या विकाराशी त्यांचा संबंध येतो. हेच प्रथिन, बहुतांशी थोड्या आखूड रूपात, मेंदूच्या पृष्ठभागाजवळील बारीक रोहिणींच्या भिंतीत साका धरू लागले, तर त्या अवस्थेस ‘सेरेब्रल अमिलॉइड अँजिओपॅथी’ असे म्हणतात. जुन्या नळाच्या आत क्षार धरतात, तसा हा प्रकार नव्हे. येथे नळाचा पत्राच कुजतो. भिंतीतील स्नायुपेशी नाहीशा होतात, भिंत ठिसूळ बनते आणि एखाद्या दिवशी फुटते.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. या विकारामुळे एकदा रक्तस्राव झालेल्या रुग्णांत तो पुन्हा होण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे ७ टक्के, तर अशा रक्तस्रावाचे अन्य कारण असलेल्या रुग्णांत सुमारे १ टक्का, असे २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षांत आढळले. आता अशा रुग्णाच्या हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर पक्षाघात टाळण्यासाठी त्याला रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावयाचे की नाही? दिले तर मेंदूत रक्तस्रावाचे भय, न दिले तर गुठळीचे. भिंतीत साका आहे की नाही हे निश्चित कळले, तर हा निर्णय पुष्कळसा सुकर होईल. अल्झायमरवरील नव्या औषधांचाही येथे संबंध येतो. अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध अमिलॉइड काढून टाकते; परंतु ते घेताना काही रुग्णांच्या मेंदूत सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो, आणि वाहिन्यांच्या भिंतीत साका असलेल्यांना हा धोका अधिक संभवतो.

पूर्वी हे निदान मृत्यूनंतर किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या तुकड्यावरूनच होत असे. काँगो रेड या रंगाने तो तुकडा रंगवून ध्रुवीकृत प्रकाशात पाहिला, की साका हिरवट चमकतो. पुढे अमेरिकेतील तज्ज्ञांनी ‘बोस्टन निकष’ तयार केले. त्यांची दुसरी सुधारित आवृत्ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यानुसार एम.आर.आय. चित्रातील सूक्ष्म रक्तस्रावांच्या जागा आणि अन्य खुणा पाहून निदान करता येते. तथापि एम.आर.आय.मध्ये दिसतात ते साक्याचे परिणाम. साका स्वतः दिसत नाही.

साका दाखविण्याचे काम किरणोत्सारी शोधक रेणू करतात. जो रेणू अमिलॉइडला चिकटतो, त्याला अत्यल्प किरणोत्सारी अणू जोडून शिरेतून देतात आणि तो कोठे गोळा होतो ते बाहेरून यंत्राने टिपतात. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी थायोफ्लेविन या जुन्या रंगद्रव्यावर काम केले. त्या रेणूवरचा विद्युतभार काढून टाकल्यावर तो रक्तातून मेंदूत शिरू लागला. २००२ साली स्वीडनमधील उप्साला येथे एका अल्झायमरग्रस्त रुग्णाला तो प्रथम दिला गेला. ‘पिट्सबर्ग कंपाउंड बी’ या नावाने तो ओळखला जातो. त्यात कार्बन-११ असतो आणि त्याचे अर्धायुष्य अवघे २० मिनिटे, म्हणजे सायक्लोट्रॉन शेजारीच हवा. भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉनही २००२ सालीच मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. नंतर आलेल्या फ्लोरबेटापिरसारख्या रेणूंत फ्लोरिन-१८ वापरतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असल्याने तो दुसऱ्या गावी नेता येतो.

हे रेणू वाहिन्यांवरील साक्यालाही चिकटतात. २०१६ साली बोस्टनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात अँजिओपॅथीमुळे रक्तस्राव झालेल्या सर्व १० रुग्णांत फ्लोरबेटापिरचे चित्र सकारात्मक आले, तर रक्तदाबामुळे रक्तस्राव झालेल्या ९ पैकी केवळ एकात. मग अडचण कोठे आहे? अडचण अशी, की पेट यंत्राला काही मिलिमीटरांपेक्षा लहान गोष्ट वेगळी दिसत नाही आणि या रोहिणी मिलिमीटरच्या अंशाएवढ्या असतात. साका भिंतीत आहे की पेशींच्या मध्ये, हे चित्र सांगत नाही. डोक्याच्या मागील भागात रेणू तुलनेने अधिक साचला तर भिंतीचा संशय बळावतो, पण तो संशयच. शिवाय पुष्कळ वृद्धांत दोन्ही प्रकार एकत्र आढळतात.

यंत्राला जे जमत नाही ते रसायनशास्त्राकडून करून घेण्याचा प्रयत्न सध्या चालू आहे. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, वाहिन्यांवरील साक्यालाच अधिक पसंती देणारा रेणू शोधणे. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रेसोरुफिन या रंगद्रव्याच्या रेणूंत असा गुण आढळला. ते काम उंदीर आणि मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूच्या कापांवर झाले. दुसरा मार्ग आम्हांस अधिक रोचक वाटतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये वाहिन्यांच्या अस्तराचा एक अडसर असतो. रेणू मुद्दाम इतका मोठा करावयाचा, की तो हा अडसर ओलांडणार नाही. म्हणजे पेशींमधल्या गाठींपर्यंत तो पोहोचणारच नाही. चीनमधील संशोधकांनी यासाठी टेक्नेशियम-९९एम हे मूलद्रव्य वापरले. या धातूला बांधून ठेवण्यासाठी रेणूला एक अवजड पिंजरा जोडावा लागतो. अल्झायमरच्या तपासणीसाठी तो पिंजरा अडचणीचा. येथे तोच उपयोगी पडतो.

मात्र येथे एक शंका उरते, आणि ती लहान नाही. हा साका भिंतीच्या बाहेरच्या थरांत प्रथम धरतो, अस्तराच्या पलीकडे. रक्तातच राहणारा रेणू तेथपर्यंत पुरेसा कसा पोहोचणार? भिंत आधीच झिरपत असेल तर पोहोचेल. पण मग लवकरच्या अवस्थेतील रुग्ण, ज्यांना या तपासणीचा सर्वांत अधिक उपयोग, तेच निसटण्याची भीती. प्राण्यांवरील आशादायक चित्रे आणि रुग्णाच्या केसपेपरवरील निदान यांत म्हणूनच बरेच अंतर आहे.

किरणोत्साराविषयी नातेवाइकांना वाटणारी धास्ती स्वाभाविक आहे. फ्लोरबेटापिरच्या एका तपासणीत सुमारे ७ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गतः प्रत्येक माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. तपासणीने उपचारांत काही फरक पडणार असेल, तर सत्तरीतल्या रुग्णासाठी ही मात्रा अडसर ठरू नये. फरक पडणार नसेल, तर ती देऊ नये.

पेट यंत्रासाठी निधी उभारण्याची तयारी दर्शविणाऱ्या देणगीदारांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. तथापि केवळ या विकारासाठी ते घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. टेक्नेशियमचा एखादा रेणू माणसांतील चाचण्यांत उतरला, तर चित्र पालटेल. या मूलद्रव्याचे अर्धायुष्य ६ तासांचे, ते जनरेटरमधून रुग्णालयातच काढता येते आणि त्यासाठी पेट यंत्र नव्हे, तर त्याहून पुष्कळ स्वस्त गॅमा कॅमेरा पुरतो. तोवर सूक्ष्म रक्तस्राव टिपणारा एम.आर.आय. आणि तो काळजीपूर्वक वाचणारा डॉक्टर, यांवर खर्च केलेला रुपया अधिक रुग्णांच्या कामी येईल.

रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती, की येताना जुन्या एम.आर.आय.च्या फिल्म किंवा सीडी आणि चालू औषधांची यादी, विशेषतः ॲस्पिरिन व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची, बरोबर आणावी. हा लेख वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आधी डॉक्टरांना भेटावे.