जेफ मिल्स : टेक्नोचा जादूगार

जन्म : १९६३, डेट्रॉइट (अमेरिका). मोटारींच्या याच शहरात १९८०च्या दशकात टेक्नो हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत जन्माला आले.

सुरुवात : स्थानिक रेडिओवर ‘द विझर्ड’ या नावाने तबकड्या वाजवल्या. त्यानंतर माइक बँक्ससोबत ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ हा गट उभारला. १९९२मध्ये ‘अ‍ॅक्सिस’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली.

बर्लिनचे तळघर : बर्लिनची भिंत पडल्यावर १९९१मध्ये ‘ट्रेझॉर’ हा क्लब एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या भूमिगत तिजोरीत सुरू झाला. जाड भिंती, बुटके छत, धूर आणि अंधार! मिल्सचा पहिला अल्बम १९९२मध्ये याच क्लबच्या लेबलने काढला. २००७पासून ट्रेझॉर एका जुन्या वीजकेंद्रात भरतो.

वाजवण्याची रीत : दोनऐवजी तीन टर्नटेबल आणि जोडीला रोलंड टीआर-९०९ हे ड्रम मशीन. एक तबकडी वाजत असताना दुसरीचा वेग तिच्याशी जुळवायचा, मिक्सरवर खर्ज कापायचा आणि नेमक्या मात्रेवर परत सोडायचा. टोकियोच्या ‘लिक्विड रूम’मधल्या १९९५च्या ध्वनिमुद्रणात तासाभरात तीसहून अधिक तुकडे ऐकू येतात.

क्लबबाहेर : फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाला २०००मध्ये नवे संगीत दिले. २००५मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए फिलहार्मोनिकसोबत कार्यक्रम केला. नायजेरियन ड्रमवादक टोनी अ‍ॅलन यांच्यासोबतही काम केले.

कुठून ऐकावे : नवख्यांनी मिल्सच्या ‘द बेल्स’ या रचनेपासून सुरुवात करावी. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको. यातला खर्ज चांगल्या हेडफोनशिवाय कळत नाही.