सहाशे तेरा नंबरची खोली

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शेरमरहॉर्न हॉल नावाची जुनी इमारत आहे. तिच्यातली ६१३ नंबरची खोली १६ फूट रुंद आणि २३ फूट लांब होती. एवढ्याशा जागेत आठ टेबलं दाटीवाटीनं कोंबलेली, कोपऱ्यात केळ्यांचा घड टांगलेला आणि जिकडेतिकडे दुधाच्या काचेच्या बाटल्या. बाटल्यांत दुधाचा पत्ता नाही. आत चिलटं, पिकल्या फळांवर आपल्याकडेही घोंगावतात तशीच. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. १९१० नंतरच्या दहा-बारा वर्षांत आनुवंशिकतेचं शास्त्र ज्या पायावर उभं राहिलं, तो पाया बराचसा या खोलीत घातला गेला. घालणाऱ्यांपैकी दोघांची तर अजून पदवीही पूर्ण झाली नव्हती.

खोली प्राणिशास्त्र विभागातल्या थॉमस हंट मॉर्गन यांची. विभागप्रमुख एडमंड विल्सन यांच्या बोलावण्यावरून ते १९०४ मध्ये इथे आले. मूळचे भ्रूणविकासाचे अभ्यासक आणि स्वभावानं संशयी. मेंडेलचे नियम त्यांच्या गळी उतरत नव्हते. गुणसूत्रांवर आनुवंशिक घटक बसलेले असतात, हे म्हणणं तर त्यांना निव्वळ तर्कट वाटे. चिलटं पाळायला घेतली ती बेताच्या पैशांत आणि बेताच्या जागेत भागतं म्हणून. दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार होते, एक मादी काही शे अंडी घालते, आणि खायला सडकं केळं पुरतं. एखादा ठळक बदल अचानक उपजतो का, हे त्यांना बघायचं होतं. दोन वर्षं गेली, हाती काही लागेना.

मग १९१० मध्ये एका बाटलीत पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. चिलटाचे डोळे एरवी लालभडक असतात. मॉर्गन यांनी या नराचा लाल डोळ्यांच्या माद्यांशी संकर केला. पहिल्या पिढीत १,२३७ पिल्लं लाल डोळ्यांची निघाली. तीन नर पांढऱ्या डोळ्यांचे होते, त्यांना मॉर्गन यांनी हिशेबाबाहेर ठेवलं. दुसऱ्या पिढीची मोजणी अशी: लाल डोळ्यांच्या माद्या २,४५९, लाल डोळ्यांचे नर १,०११, पांढऱ्या डोळ्यांचे नर ७८२. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नाही.

त्या शून्यानं मॉर्गन यांना आपलं मत बदलायला लावलं. मादीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. नरात एकच, तेही आईकडून आलेलं. डोळ्याच्या रंगाचा घटक एक्सवर असेल तर आकडे नीट उलगडतात. नसेल तर जुळवताना नाकीनऊ येतात. लिंग गुणसूत्रांवरून ठरतं याचा भक्कम पुरावा १९०५ मध्येच नेटी स्टीव्हन्स यांनी पिठातल्या भुंग्यांवरच्या कामातून दिला होता. ब्रिन मॉर कॉलेजात त्या मॉर्गन यांच्याच विद्यार्थिनी. पुढे मॉर्गन यांच्या खोलीच्या भरभराटीत त्यांचं नाव मागे पडलं. १९१२ मध्ये त्या वारल्याही. पाठ्यपुस्तकांत आजही मॉर्गन यांना पानभर जागा मिळते आणि स्टीव्हन्स यांना एक ओळ. हे प्रमाण मला कधी पटलेलं नाही.

मॉर्गन पदवीच्या पहिल्या वर्गांना सहसा शिकवत नसत. १९०९ च्या सत्रात मात्र त्यांनी प्राणिशास्त्राच्या प्राथमिक वर्गाला व्याख्यानं दिली आणि त्या एका वर्गातून त्यांना आल्फ्रेड स्टर्टेव्हंट आणि कॅल्व्हिन ब्रिजेस मिळाले. स्टर्टेव्हंट अलाबामातल्या शेतावर वाढलेला. वडिलांच्या घोड्यांच्या वंशावळ्या मांडायचा नाद, त्यातून घोड्यांच्या रंगांवर निबंध लिहून त्यानं तो सरांना दाखवला. सरांनी छापायला सांगितला आणि खोलीत टेबल दिलं. गंमत अशी की त्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नसे, आणि कामाला बसला तो डोळ्यांचे रंग ओळखण्याच्या कारखान्यात. ब्रिजेस पोरका, आजीनं वाढवलेला. त्याला बाटल्या धुण्याचं काम मिळालं. धुता धुता जाड काचेतून त्याला शेंदरी डोळ्यांचं एक चिलट साध्या नजरेनं दिसलं. अशी नजर असलेल्या पोराला मॉर्गन यांनी मोरीपाशी फार दिवस ठेवलं नाही.

आनुवंशिकतेचा पहिला नकाशा आखला तो या स्टर्टेव्हंटनं, १९११ च्या अखेरीस, विशीच्या उंबरठ्यावर असताना. एकाच गुणसूत्रावरचे घटक सहसा जोडीनं पुढे जातात, पण कधीकधी त्यांची ताटातूट होते, एवढं तोवर कळलं होतं. मॉर्गन यांच्याशी बोलता बोलता त्याच्या डोक्यात आलं की ताटातूट जितकी वारंवार, तितके ते घटक एकमेकांपासून दूर. मोजणीचे कागद तो घरी घेऊन गेला. कॉलेजचा अभ्यास बाजूला सारून रात्रीचा बहुतेक वेळ आकडेमोड केली आणि सकाळपर्यंत एक्स गुणसूत्राचा नकाशा तयार! १९१३ मध्ये छापलेल्या नकाशात पिवळं शरीर शून्यावर, पांढरे डोळे १.० वर, शेंदरी डोळे ३०.७ वर, आखूड पंख ३३.७ वर आणि खुरटे पंख ५७.६ वर आहेत. गुणसूत्रावरचा एकही घटक कुणी डोळ्यांनी पाहिलेला नसताना त्यांच्यातली अंतरं दशांशापर्यंत मांडायला धाडस लागतं. घटक एका ओळीत मण्यांसारखे ओवलेले आहेत, हे त्यातून पहिल्यांदा नीट दिसलं.

खोलीतलं रोजचं काम मात्र रटाळ होतं. चिलटांना इथरनं गुंगी आणायची, पांढऱ्या पाटीवर पसरायची, भिंग लावून मोजायची, वहीत टिपायची. दुर्बिणीसारखा दोन्ही डोळ्यांनी बघायचा सूक्ष्मदर्शक ब्रिजेसनं आणला. खाद्याच्या पाककृतीही त्यानंच सुधारल्या. टेबलांच्या खणांत झुरळं नांदत. काम चालू असताना तोंडंही अखंड चालत. नवा निकाल आला की सगळे तुटून पडत, आणि प्रोफेसरांचं म्हणणं खोडून काढायला विद्यार्थ्यांना कुणाची भीती नव्हती.

पण कल्पना दहा तोंडांतून फिरून तयार झाली तर श्रेय कुणाचं? याच गटातल्या हर्मन मुलर यांना हा प्रश्न जन्मभर डाचला. पोटासाठी बाहेर नोकरी करत ते चर्चांत भाग घेत. आपल्या सूचना दुसऱ्यांच्या प्रयोगांत जिरल्या, असं त्यांना वाटे. स्टर्टेव्हंटना मात्र तिथे हिशेब ठेवण्याची गरजच कुणाला भासली नाही असं आठवे. मला वाटतं, दोघंही खरं सांगत होते. ज्याचं टेबल खोलीत पक्कं होतं त्याला उदार होणं सोपं गेलं. १९१५ च्या ‘द मेकॅनिझम ऑफ मेंडेलियन हेरेडिटी’ या पुस्तकावर चौघांचीही नावं आहेत. पुढे क्ष-किरणांनी उत्परिवर्तन घडवता येतं हे दाखवून मुलर यांनी १९४६ चं नोबेल मिळवलं. मॉर्गन यांच्या पत्नी लिलियन यांना तर कसलंच पद नव्हतं. मुलं मोठी झाल्यावर त्या स्वतःच्या बाटल्या घेऊन बसल्या आणि एकमेकांना चिकटलेली दोन एक्स गुणसूत्रं असलेली मादी त्यांनी शोधून काढली.

१९२८ मध्ये मॉर्गन बाटल्या आणि शिष्यांसह कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकला गेले. १९३३ च्या नोबेलच्या रकमेचा वाटा त्यांनी स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस यांच्या मुलांनाही दिला. पुढे याच कॅलटेकमध्ये सिमूर बेंझर यांनी चिलटांच्या वर्तनाचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्यासोबत ओबेद सिद्दीकी यांनी काम केलं. सिद्दीकी यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पासून रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला होता. त्यांच्याकडे पीएचडीला आलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या, पण केनियात वाढलेल्या. वास न कळणारी चिलटं निवडून गंधज्ञानाची आनुवंशिक बाजू त्या दोघांनी कुलाब्यात उलगडायला घेतली.

आता इथरच्या जागी कार्बन डायऑक्साइड आलाय आणि केळ्यांच्या जागी मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगारची लापशी. विद्यार्थ्यांचं वेळापत्रक मात्र अजून चिलटंच ठरवतात. संकरासाठी नराशी संग न झालेली मादी लागते. कोशातून बाहेर आल्यावर साधारण आठ तासांत ती वेगळी काढली नाही तर भरवसा उरत नाही. म्हणून ‘व्हर्जिन गोळा करायला’ सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा लॅब गाठावी लागते, मग रविवार असो की लक्ष्मीपूजन. जुनी खाद्याची बाटली बदलून वाण नव्या बाटलीत ‘फ्लिप’ करणं राहिलं तर ते वाण संपतं, त्यामुळे गावी जाणारा आधी मित्राला गळ घालतो. एक सवलत आहे: २५ अंशांऐवजी १८ अंशांवर ठेवलं की सगळं मंदावतं आणि आठ तासांची मुदत जवळपास दुप्पट होते. रात्री बाटल्या थंड कपाटात सरकवल्या की विद्यार्थ्याला सकाळपर्यंत झोपता येतं.