मळवली ते भाजे, पायी

लोकलने मळवलीला उतरलो की आम्ही रिक्षा करत नाही. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावाची वाट धरतो. समोर लोहगड-विसापूर, मागे वळून पाहावे तर इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे कार्ल्याचा डोंगर. लेकरेही मजेत चालतात. पावसाळ्यात गर्दी लोटते ती धबधब्याला. लेण्यांच्या पायऱ्या फार थोडे चढतात. वर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले चैत्यगृह आहे. त्याच्या पुढे 14 स्तूप, पाच आत, नऊ बाहेर. काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. त्यांना टेकून फोटो काढणारे आम्ही पाहिले. ही थेरांची स्मारके आहेत, हे मुलांना तिथेच, स्तूपांसमोर उभे करून सांगावे. डबा मात्र खाली उतरल्यावरच सोडावा.