जुन्या जीपचा सायलेन्सर बदलताना

विषयाचं नाव वाचून काही तरुण मुलं पुढच्या रांगेत येऊन बसली आहेत, बरं वाटलं. पण आधीच सांगून टाकतो, जीपचा आवाज कसा वाढवायचा हे आज आम्ही सांगणार नाही. इंजिनातून धूर बाहेर पडायचा जो रस्ता आहे तो मोकळा, घट्ट आणि सुरक्षित कसा करायचा, एवढंच सांगणार आहोत.

उदाहरणाला आपण महिंद्राची जुनी एमएम ५४० घेऊ. आपल्याकडे घाटात, शेतावर, जंगलात ती अजून दिसते. तिच्यात प्यूजोचं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन येतं. चार सिलिंडर, २११२ सीसी, टर्बो नाही.

आता एक साधा हिशेब करू. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. ३००० आरपीएमला मिनिटाला १५०० श्वास झाले. एका श्वासाला २.१ लिटर धरले, तर मिनिटाला तीन हजारांवर लिटर हवा. सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत, म्हणून २७०० धरू. ही हवा आत जाते साधारण ३० अंशांना आणि भर चढावर बाहेर पडते ५००-६०० अंशांना. तापली की ती पावणेतीन पट फुगते. म्हणजे मिनिटाला सात हजार लिटरहून जास्त वायू त्या एका पाइपातून जायला हवा. पाइप चेमटलेला असेल, सायलेन्सरमध्ये काजळी साचली असेल, तर हा वायू ढकलायला इंजिनाचीच ताकद खर्च होते. जीप चढावर दम का टाकते, याचं एक उत्तर इथे आहे.

एकच उत्तर मात्र नाही. काळा धूर येतोय म्हणून लोक थेट सायलेन्सर बदलायला निघतात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. तेव्हा आधी एअर फिल्टर बघा, मग इंजेक्टरचे नोझल, मग टॅपेट. हे सगळं ठीक असेल तरच गाडीखाली शिरायचं.

पाइप किती जाड घ्यायचा? समजा आत्ताचा पाइप आतून ४५ मिलिमीटर आहे. तो ५० चा केला तर क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी वाढतं. पण पाइपातला अडथळा व्यासाच्या साधारण पाचव्या घातानं बदलतो, त्यामुळे सरळ पाइपातला अडथळा ४० टक्क्यांच्या आसपास उतरतो. फक्त पाच मिलिमीटरमध्ये! मग ६३ चा का नको? कारण जो अडथळा उरलाच नाही तो आणखी कमी काय होणार? उलट जाड पाइप खाली लोंबतो, दगडाला घासतो, चासीला आपटतो आणि केबिनमध्ये घुमतो. विना-टर्बो इंजिनाला एक माप वर जाणं पुष्कळ झालं. त्यातही वळणं महत्त्वाची. साध्या बेंडिंगमध्ये पाइप वळणावर चपटा होतो आणि वाढवलेलं माप तिथेच वाया जातं. आतून आधार देऊन वाकवलेला, वळणावरही गोल राहणारा पाइप मागून घ्या.

‘थोडं बॅक प्रेशर लागतंच’ असं गॅरेजात हमखास ऐकू येतं. डिझेलला ते लागत नाही. पुंगळी काढलेल्या गाडीत जो फरक ‘जाणवतो’ तो बहुतेक वेळा कानाला जाणवतो. खात्री करायची असेल तर तोच चढ, तोच गिअर, तेवढंच वजन घेऊन आधी आणि नंतर वेळ मोजा.

धातूचं म्हणाल तर साधं लोखंड स्वस्त, पण आतून सडतं. जळलेल्या डिझेलमधून पाण्याची वाफ निघते. गाडी जवळच्या जवळच फिरली की ती सायलेन्सरमध्ये थंड होऊन साचते आणि आम्लासारखं काम करते. कोकणात बाहेरून खारी हवा असतेच. ३०४ स्टेनलेस टिकतं, पण तापल्यावर जास्त वाढतं. दोन मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर लोखंडाचा सातेक मिलिमीटर वाढतो, ३०४ चा दहाच्या आसपास. म्हणून पुढे जाळीचा फ्लेक्सिबल तुकडा आणि मागे रबरी हँगर हवेतच. पाइप चासीला वेल्ड करून टाकला, तर मॅनिफोल्डला तडा जायची वाट बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. डिझेलमध्ये कमी, पेट्रोलमध्ये बराच जास्त. त्याला ना वास, ना रंग. कापडी हुडाची जीप धावते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागचा पडदा उघडा असला की बाहेरचा धूर आत ओढला जातो. मागच्या बाकावर मुलं बसलेली असतात. त्यांचं डोकं दुखतं, मळमळतं, डोळे मिटायला लागतात. आपण म्हणतो, ‘घाट आहे, गाडी लागली असेल’. लिंबू देतो आणि पुढे निघतो. मंडळी, खाली उतरल्यावर मोकळ्या हवेत सगळ्यांनाच एकदम बरं वाटलं, तर तो घाट नव्हता असं समजा आणि पाइप तपासा.

म्हणून टेलपाइप मागच्या सीटखाली किंवा दाराखाली संपवायचा नाही. तो बॉडीच्या कडेच्या बाहेर निघाला पाहिजे. गळती तपासणं सोपं आहे. मोकळ्या जागी थंड इंजिन चालू करा, जाड हातमोजा घालून ओल्या फडक्यानं टेलपाइपचं तोंड क्षणभर दाबा. कुठे फुसफुसतंय ते दुसऱ्यानं ऐकायचं. जोडावर काळा डाग दिसला तर तिथे गळतंय. मॅनिफोल्डचं गॅस्केट आधी बघा, कारण ते फायरवॉलच्या अगदी जवळ असतं.

कायद्याचंही सांगतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० आवाज कमी करणारं साधन सक्तीचं करतो. आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

*श्रोत्यांतून: ओढ्यात टेलपाइप बुडाला तर इंजिन बंद पडतं का?*

इंजिन चालू आहे तोवर वायूच्या दाबानं पाणी सहसा आत येत नाही. गाडी मधेच बंद पडली, तर मात्र सेल्फ मारू नका. आधी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर ओला आहे का बघा. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो.

*श्रोत्यांतून: जिप्सीलाही हेच लागू होतं का?*

पाइप, हँगर, गळती, सगळं हेच. पण इंजेक्शनच्या जिप्सीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. त्यांना हात लावायचा नाही. बदल करायचा तो त्यांच्या मागे. आणि पेट्रोलचा धूर जास्त घातक, म्हणून तिथे गळतीची तपासणी दर पावसाळ्याआधी करा.

वेळ संपली. ज्यांनी गाड्या आणल्या आहेत, त्यांनी बाहेर थांबा. ओलं फडकं आम्ही आणलंय, तपासूनच घरी जाऊ.